अनवट रागांची जपणूक : श्रोत्यांचाही एक इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली. ट्रस्टची स्थापना, मंदिराची उभारणी आणि चातुर्मासांची परंपरा यांविषयी अधिकारी मंडळी लिहीत आहेतच. मी व्यवसायाने कापड दुकानदार आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. संगीताची एकही परीक्षा मी दिलेली नाही. तथापि दुकान बंद करून घरी आल्यावर रात्री तासभर गाणे ऐकावयाचे, हा परिपाठ गेली चाळीसहून अधिक वर्षे चालू आहे. त्या श्रवणातून आणि अनुषंगाने झालेल्या वाचनातून जे हाती लागले, ते धर्मबंधू-भगिनींसमोर ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न होय.

आपल्या शास्त्रीय संगीतातील पुष्कळसे उत्तम गाणे आज क्वचितच कानी पडते. ते मागे पडण्याची कारणे बहुतांशी व्यवहारातील आहेत. गाण्याच्या प्रतीशी त्यांचा संबंध थोडा. आणि जेथे ते टिकले, तेथे गायकांच्या बरोबरीने ते आस्थेने ऐकणाऱ्या, लिहून ठेवणाऱ्या आणि पुढच्यास देणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या माणसांचा वाटा आहे. तो वाटा आपल्या पूर्वजांनीही उचललेला आहे, हे बहुतेकांस ठाऊक नसते. म्हणून हा विषय निवडला.

अनवट म्हणजे काय?

आपल्या आजी-पणजीच्या वेळी पायाच्या अंगठ्यात घालावयाच्या एका दागिन्यास अनवट म्हणत. संगीतात मात्र जो राग वहिवाटीतला नाही, क्वचितच गायला जातो, त्याला अनवट राग म्हणतात. जुने उस्ताद अशा रागाला 'अछोप' राग म्हणत. यमन, भूप, भीमपलास, मालकंस, भैरवी ही नावे गाण्याशी फारसा संबंध नसलेल्यांनाही माहीत असतात. परंतु खट, खोकर, बसंती केदार, रायसा कानडा, कबीरी भैरव, सावनी कल्याण, नट कामोद, भूप नट, जैत कल्याण, संपूर्ण मालकंस ही नावे घेतली, तर नियमाने मैफलीस जाणारा श्रोताही क्षणभर थांबतो.

हे राग कसे घडतात, हे समजण्यास कापडाचा दाखला सोयीचा आहे. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. कापड एका बाजूने हिरवे दिसते, जरा कलते केले की जांभळी झाक मारते. दोन्ही रंग एकाच विणीत असतात, पण एकमेकांत कालवले जात नाहीत. जोडराग असाच असतो. बसंती केदारात बसंत आणि केदार या दोन रागांची अंगे अशा कौशल्याने विणलेली असतात की, ऐकणाऱ्यास आता बसंत दिसला म्हणेतो केदार समोर येतो. हा सांधा दिसू न देणे, यातच गायकाची कसोटी लागते. खट रागाचे नाव 'षट्' या शब्दावरून आले असून त्यात सहा रागांच्या छटा असल्याचे परंपरेने मानतात. संपूर्ण मालकंसाची गोष्ट आणखी वेगळी आहे. नेहमीच्या मालकंसात ऋषभ आणि पंचम हे दोन स्वर वर्ज्य असतात. संपूर्ण मालकंसात सातही स्वर येतात, आणि तरीही मालकंसाचे गांभीर्य ढळू द्यावयाचे नसते. वर्ज्य स्वर घेऊन राग सांभाळणे किती अवघड, हे पाच मिनिटे ऐकले तरी कळते.

कोल्हापूर दरबारातील भांडार

महाराष्ट्रात ख्यालगायन रुजविण्याचे मोठे श्रेय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांना दिले जाते. ग्वाल्हेरची विद्या त्यांनी कष्टाने मिळविली आणि मिरज, इचलकरंजी या भागात आणली. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून ती सामान्य घरांपर्यंत पोहोचविली. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची पायाभरणी केली. या मंडळींनी रागसंगीताचा राजमार्ग बांधला. अनवट रागांची आडवाट मात्र मुख्यत्वे कोल्हापुरातून निघाली.

उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराण्याची मूळ विद्या ध्रुपदाची. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बिघडला आणि मूळचा गोडवा परत आला नाही. तेव्हा लाभलेल्या आवाजास साजेशी, पेचदार आणि लयीशी घट्ट बांधलेली नवी गायकी त्यांनी घडविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यानंतर ते मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथेच निवर्तले. जयपूर-अत्रौली घराणे या नावाने त्यांची परंपरा ओळखली जाते. वर दिलेल्या रागनामांपैकी बहुतेक राग याच घराण्यात विशेषत्वाने गायले जातात. काही त्यांनी जुन्या ध्रुपदांतून उचलून ख्यालात आणले, काही स्वतः सिद्ध केले.

त्यांच्या शिष्यवर्गातील दोन नावे सर्वांस परिचित आहेत. सुरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघीही गोमंतकीय. मोगूबाईंचे कुर्डी हे गाव पुढे साळावली धरणाच्या जलाशयात गेले आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की ते दरवर्षी काही दिवस उघडे पडते. आपल्या इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिरही उजनीचे पाणी ओसरल्यावर असेच वर येते. अनवट रागांचेही तसेच आहे. ते नाहीसे झालेले नसतात; वरचे पाणी कमी झाले की दिसू लागतात.

तुलनेने कमी परिचित नावे मात्र आवर्जून सांगावयास हवीत. कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक (१९१२–१९९४) यांनी एकाहून अधिक परंपरांची तालीम घेतली आणि उत्तरायुष्यात कलकत्त्याच्या संगीत संशोधन अकादमीत विद्यादान केले. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांना खाँसाहेबांचे धाकटे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे आणि पुढे खुद्द केसरबाईंकडे शिकावयास मिळाले. सावंतवाडी भागातील रामकृष्णबुवा वझे हे जयपूर घराण्याचे नव्हेत, परंतु अप्रचलित रागांच्या संग्रहासाठी त्यांची ख्याती होती. एकेक चीज मिळविण्यासाठी त्या काळी किती हालअपेष्टा सोसाव्या लागत, हे त्यांच्या चरित्रावरून समजते. आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) हे तर या भांडाराचे चालतेबोलते कोठार होते. आरंभी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम, नंतर मंजी खाँ यांच्याकडे जयपूरची. १९३७ मध्ये मंजी खाँ अकाली गेले, तेव्हा त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे शिक्षण पुढे चालू राहिले. मन्सूरांना व्यापक कीर्ती बऱ्याच उशिरा, उतारवयात लाभली. मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १९९२ साली, त्यांना पद्मविभूषण मिळाले.

हे गाणे मागे का पडले?

पहिले कारण ध्वनिमुद्रिकेचे. भारतात १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले आणि नवे युग सुरू झाले. त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावत असे. यमन वा भैरवी तीन मिनिटांत ओळखू येते, कारण ती श्रोत्याच्या कानात आधीच वसलेली असते. रायसा कानडा ओळखीचा होण्यासच पंधरा मिनिटे लागतात. शिवाय कंपनीस माल खपवावयाचा असतो. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानदार पुढे मांडतो आणि जे मांडलेले दिसते तेच गिऱ्हाईक मागते. हे चक्र आम्हा कापडवाल्यांच्या चांगले परिचयाचे आहे. उत्तम विणीचा एखादा ताका वरच्या फळीवर राहून जातो, तो दोष विणीचा नसतो.

दुसरे कारण विद्येच्या गोपनीयतेचे. राग आणि बंदिश ही घराण्याची मिळकत मानली जाई. कन्येच्या लग्नात बंदिशी आंदण दिल्याच्या कथा संगीताच्या इतिहासात सांगितल्या जातात. अशा काळात अनवट राग परक्यासमोर गाणे म्हणजे तिजोरी उघडी टाकणे, अशी समजूत असल्यास नवल नाही. केसरबाईंनी उत्तरायुष्यात ध्वनिमुद्रण आणि आकाशवाणी यांपासून स्वतःस दूरच ठेवले. परिणामी त्यांच्या भांडाराचा फार थोडा अंश आज ऐकावयास मिळतो. नियतीचा योग असा की, १९७७ साली अमेरिकेने अंतराळात पाठविलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील सुमारे दीड तासाचे निवडक संगीत असलेली सोनेरी तबकडी बसविली, आणि तीत भारताच्या वतीने केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला बाईंचे निधन झाले. म्हणजे आपल्या सूर्यमालेच्या पलीकडेही जे पोहोचले, ते परिचित रागातले साडेतीन मिनिटांचे गाणे. ती भैरवी अप्रतिम आहे, यात शंका नाही. परंतु ज्या रागांसाठी जाणते लोक बाईंच्या मैफलीस धावत जात, ते बहुतांशी त्या श्रोत्यांबरोबरच गेले.

तिसरे कारण आपले, म्हणजे श्रोत्यांचे. अनोळखी गाणे ऐकताना सुरुवातीस मन रमत नाही. तेवढा धीर धरण्यास आपण तयार नसतो.

टिकविणारे हात

असे असूनही हे संगीत पूर्णतः लोपले नाही. ते कोणी टिकविले, हे पाहू लागल्यावर मला विशेष आनंद झाला, कारण त्यांत धंदेवाईक गवयांखेरीज निरनिराळ्या पेशांचे लोक आढळतात.

पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे शिक्षणाने वकील. मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत त्यांची संगीतसाधना झाली. ही संस्था पारशी समाजाने १८७० मध्ये काढलेली. पुढे भातखंडे यांनी देशभर प्रवास करून उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने सहा भागांत प्रसिद्ध केल्या. रागांची चर्चा करणारा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मूळ मराठीत आहे, ही आपल्याला अभिमानास्पद बाब होय. कागदावरची बंदिश म्हणजे गाणे नव्हे, ही टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली. ती काही अंशी खरी आहे. परंतु ज्या बंदिशींचा गाणारा कंठ उरला नाही, त्यांचा निदान सांगाडा तरी त्यांच्यामुळे राहिला.

मुंबईचे गुलुभाई जसदनवाला हे व्यापारी गृहस्थ. जयपूर घराण्याच्या उस्तादांकडून त्यांनी दुर्मिळ राग आणि बंदिशी आत्मसात केल्या आणि स्वतः मैफली न गाजविता हे धन सांभाळले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्यासारख्या मान्यवर गायकासही त्यांच्याकडून बंदिशी मिळाल्या. उस्तादांचे नातू अझीझुद्दीन खाँ यांनी कोल्हापुरात राहून हेच कार्य केले. आजोबांच्या आठवणी त्यांनी टिपून ठेवल्यामुळेच आज आपणास त्या वाचावयास मिळतात. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी 'माझा संगीत व्यासंग' या ग्रंथात त्या काळच्या मैफली शब्दबद्ध केल्या. आणि १९६१ साली 'घरंदाज गायकी' हा महत्त्वाचा ग्रंथ लिहिणारे वामनराव देशपांडे हे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते! दिवसभर ताळेबंद तपासावेत आणि सायंकाळी गाण्याचा अभ्यास करावा, हा त्यांचा क्रम वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वकील, व्यापारी, हिशेबतपासनीस : यांनी रागांची जोपासना केली. आकाशवाणीचाही येथे कृतज्ञतेने उल्लेख केला पाहिजे. १९५२ पासून शनिवारी रात्री राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला आणि १९५३ मध्ये पुणे केंद्र निघाले. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील मुलांना मैफल पाहावयास मिळणे दुरापास्त होते. पण माजघरातल्या रेडिओवर देशातील थोर गायक येऊन गात. पुढे कॅसेटचा जमाना आला आणि दीड तास सलग गाणे खिशात मावू लागले.

१९८४ च्या सुमारास मी माल भरण्यासाठी इचलकरंजीस गेलो होतो. तेथील एका आडत्यांच्या पेढीवर मन्सूरांची कॅसेट लागलेली होती. मी रागाचे नाव विचारले. ते म्हणाले, "शेठ, नाव मागाहून सांगतो. आधी तीनदा ऐका. पहिल्या खेपेस काही हाती लागणार नाही. दुसऱ्या खेपेस एखादी जागा ओळखीची वाटेल. तिसऱ्या खेपेस तुम्हीच ती जागा यायची वाट पाहाल." कॅसेट त्यांनी मला नेऊ दिली. तिसऱ्या रात्री अगदी तसेच घडले. पुढल्या खेपेस गेलो तेव्हा त्यांनी नाव सांगितले : नट कामोद. बाळकृष्णबुवांच्या गावी, सुताच्या गाठोड्यांच्या शेजारी मिळालेला श्रवणाचा हा धडा मला आजतागायत पुरला आहे.

आपल्या पोथ्यांतील राग

आता आपल्या घराकडे वळू. जैन धर्म वैराग्याचा आणि म्हणून संगीताशी त्याचा संबंध बेताचाच, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आगम आणि साहित्य पाहिले, तर ती टिकत नाही. स्थानांग सूत्राच्या सातव्या स्थानात सप्तस्वरांचे विवेचन आहे. मोर षड्जात, कोंबडा ऋषभात आणि हंस गांधारात बोलतो, अशी स्वरांची ओळख तेथे करून दिली आहे. गायनाचे आठ गुण आणि सहा दोषही सांगितले आहेत. भीत भीत गाणे, घाईने गाणे, ताल सोडून गाणे, कावळ्यासारख्या कर्कश स्वराने गाणे, नाकात गाणे हे त्या दोषांपैकी होत. आजच्या कोणत्याही गायनशिक्षकाने भिंतीवर लावावी, अशी ही यादी आहे! अनुयोगद्वार सूत्रातही सप्तस्वरांचा हा विषय आला आहे.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला, हे सर्वश्रुत आहे. त्याच सुमाराचा 'संगीतसमयसार' हा ग्रंथ पार्श्वदेव या दिगंबर जैन आचार्यांचा आहे. देशी संगीताची, म्हणजे लोकांत प्रत्यक्ष चालू असलेल्या गाण्याची चर्चा त्यात विशेष आहे. १९२५ मध्ये त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत तो छापला गेला. श्वेतांबर मुनी वाचनाचार्य सुधाकलश यांनी १३५० साली 'संगीतोपनिषत्सारोद्धार' पूर्ण केला. त्यात रागांची मूर्तिस्वरूपे वर्णिली आहेत. अहमदाबादच्या देवसानो पाडो येथील पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या हस्तलिखितात समासांमध्ये रागांची चित्रे काढलेली आहेत. रागचित्रांच्या इतिहासात ती अगदी आरंभीची मानली जातात. म्हणजे भगवान महावीरांच्या चरित्राच्या कडेस आपल्या पूर्वजांनी रागांना जागा दिली होती.

पदसाहित्याचे तर काय सांगावे! कविवर बनारसीदास (१५८६–१६४३) हे आपल्यासारखेच व्यापारी. 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात जौनपूरहून आग्र्यास नेलेल्या मालाचा, त्यात कापडही होते, आणि झालेल्या तोट्याचा हिशेब त्यांनी प्रांजळपणे मांडला आहे. हाती पैसा नसताना आग्र्यात ते रात्री मधुमालती आणि मृगावती ही काव्ये गाऊन दहा-वीस श्रोत्यांना ऐकवीत आणि कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांची पदे, आनंदघनजींची पदे, तसेच द्यानतराय, भूधरदास, दौलतराम यांची पदे उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर राग छापलेला आढळतो : सारंग, आसावरी, सोरठ, गौरी, बिलावल, रामकली, धनाश्री. सकलचंद्र उपाध्यायांची सत्तरभेदी पूजाही रागांत बांधलेली आहे. तिच्या सतरा प्रकारांत गीतपूजा, नृत्यपूजा आणि वाद्यपूजा यांस स्वतंत्र स्थान आहे. यांतील सोरठ वा गौरी आज मैफलीत किती वेळा ऐकू येतात? मैफलीत जे अनवट झाले, ते आपल्या पोथीत नित्याचे होते.

रासांच्या आणि ढाळांच्या माथ्यावर 'देशी' म्हणून जी एक ओळ असते, ती त्या काळच्या एखाद्या लोकगीताची आरंभीची ओळ होय. ढाळ त्या गीताच्या चालीवर म्हणावी, असा तिचा अर्थ. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गूर्जर कविओ' या बृहद्ग्रंथात अशा देशींची मोठी सूची दिली आहे. कित्येक मूळ लोकगीते काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा आपल्या साधूंनी लिहिलेल्या त्या एका ओळीत उरला आहे. नाव राहिले आणि चाल गेली, अशी ही स्थिती आहे.

आपल्या कऱ्हाकाठच्या प्रदेशासही असा वारसा आहे. आर्याकर्ते मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत राहिले, आणि त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या कंठातून महाराष्ट्रभर गेल्या. नीरा नदीपलीकडे, नातेपुत्याजवळ दहिगाव येथे ब्रह्मचारी महतीसागर यांची समाधी आहे. मराठीतून जैन रचना करणारे ते संतकवी. आपल्या मराठीतही ही परंपरा होती, याचे ते क्षेत्र स्मरण देते. पद छापील पानावर वाचणे आणि चालीत ऐकणे, यांत किती अंतर असते, हे कीर्तन ऐकलेल्यास सांगावयास नको.

ऐकण्यास आरंभ कसा करावा?

ज्यांना हे संगीत ऐकावेसे वाटेल, त्यांच्यासाठी स्वानुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना अशी की, ओळखीच्या रागाचा हात धरून अनोळखी रागाकडे जावे. प्रथम मालकंस पुरेसा ऐकावा, मगच संपूर्ण मालकंस. बसंत आणि केदार स्वतंत्रपणे कानात बसल्यावर बसंती केदार ऐकावा. भूप ऐकून भूप नट. शेजाऱ्यामुळे पाहुण्याची ओळख लवकर पटते.

दुसरी सूचना : एकच राग दोन-तीन कंठांतून ऐकावा. मन्सूरांचा वेगवान, श्वास न घेता चाललेला विस्तार आणि मोगूबाईंची लयीवरची शांत पकड यांची तुलना केली म्हणजे राग कोणता आणि गायकाचा स्वभाव कोणता, हे वेगळे दिसू लागते.

तिसरी सूचना वेळेविषयी. कबीरी भैरव वा खट सकाळी ऐकावेत, रायसा कानडा रात्री. सामायिक आटोपल्यावर सकाळची वीस मिनिटे यासाठी काढता आली, तर दिवस चांगला जातो, असा माझा अनुभव आहे.

पूर्वी एका तबकडीसाठी पुण्या-मुंबईच्या दुकानांत खेपा घालाव्या लागत. आता यूट्यूबवर रागाचे आणि गायकाचे नाव मराठीत लिहिले तरी पुष्कळ सापडते. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजेच एनसीपीएमध्ये, जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. धोंडूताई आणि केसरबाई यांच्याविषयी नमिता देवीदयाल यांनी २००७ साली लिहिलेले 'द म्युझिक रूम' हे पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या तरुण पिढीच्या हाती अवश्य द्यावे. मिळण्याची अडचण आता उरलेली नाही. वेळ काढण्याची तेवढी आहे.

आपल्या हाती काय आहे?

हा लेख केवळ रसग्रहणासाठी लिहिलेला नाही. पूजेत आणि भक्तिसंध्येत आज आपण बहुधा चित्रपटगीतांच्या चाली वापरतो. तरुणांना त्या सोप्या जातात, त्यामुळे उपस्थिती वाढते, हे मी नाकारीत नाही. परंतु पदाच्या डोक्यावर 'राग सोरठ' असे छापलेले असावे आणि आपण ते पद दहा वर्षांपूर्वीच्या सिनेमाच्या चालीवर म्हणावे, यात काहीतरी हरवते. सिनेमा विसरला जातो, तशी ती चालही विसरली जाते आणि पुढील पिढीस पुन्हा नवी चाल शोधावी लागते.

आपल्या समाजातील काही घरांत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या आजी आजही जुनी स्तवने, सज्झाय आणि पदे मूळ चालीत म्हणतात. त्यांना रागाचे नाव सांगता येत नाही. परंतु आईकडून, सासूकडून ऐकलेली चाल त्यांच्या कंठात जशीच्या तशी आहे. ती कोणत्या रागाची, हे एखादा जाणकार शिक्षक ऐकून सांगू शकेल. या माऊली आहेत तोवरच हे शक्य आहे. भातखंड्यांना गावोगाव हिंडावे लागले. आपणास शेजारच्या गल्लीत जावयाचे आहे.

म्हणून ट्रस्टच्या विश्वस्त मंडळास माझी नम्र सूचना आहे की, सुवर्णमहोत्सवी वर्षाचे औचित्य साधून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ज्येष्ठ श्राविकांच्या कंठातील पदांचे ध्वनिमुद्रण करावे. प्रत्येक मुद्रणासोबत पदाचे नाव, गाणाऱ्या श्राविकेची चाल कोणाकडून आली याची नोंद आणि पोथीत दिलेला राग लिहून ठेवावा. पाठशाळेच्या मुलांनी यातील दरवर्षी दोन पदे मूळ चालीत बसवावीत. पाच वर्षांत दहा पदे होतील. संख्या थोडी वाटेल. पण ट्रस्ट पंचावन्न वर्षांचा होईल तेव्हा पोथीतील दहा पदे पोथीतल्याच रागांत गाणारी मुले आपल्या मंदिरात असतील. या कामी लागणारे ध्वनिमुद्रणाचे साहित्य देण्याची सेवा मी आनंदाने स्वीकारीन.

स्थानांग सूत्र लिहून ठेवणाऱ्यांपासून आनंदघनजींपर्यंत आणि बनारसीदासांपासून गुलुभाई जसदनवालांपर्यंत अनेकांनी हे धन आपल्यापर्यंत आणले. आपण निदान ऐकते राहावे आणि जे ऐकले ते पुढच्याच्या हाती द्यावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!